बॉनेट बंद करून

आमची आत्या मुलखाची हट्टी. आठवडाभर ती बाबांच्या गॅरेजात सामानाच्या व्हॅन दुरुस्त करते आणि रविवारी ट्रॅकवर स्वतःची टर्बो गाडी पळवते. ही गाडी तिने भंगारातून आणली, तेव्हा दार आत गेलेलं आणि छप्पर वाकडं होतं. "गाडी आहे की चेपलेला डबा?" बाबा म्हणाले होते. मग त्यांनीच हातोडीने ठोकून ठोकून तिचं बॉनेट आरशासारखं केलं. आमच्या गल्लीत आत्याला सगळे 'शिट्टी' म्हणतात, कारण काम करताना ती आणि पळताना तिची गाडी, दोघी शिट्टी वाजवतात.

पण ट्रॅकवर दोनदा इंजिन उडालं. दोन्ही वेळा वितळलेला पिस्टन घेऊन आत्या मुकाट घरी आली आणि नवं इंजिन बसवताना बाबांची कंबर धरली. दुसऱ्यांदा त्यांचा संयम संपला.

"आता शेवटचं. रविवारच्या शर्यतीत सगळे लॅप पुरे करून दाखव. पुन्हा उडालं तर गाडी विकायची."

"कबूल," आत्या म्हणाली. त्या दिवसापासून तिची शिट्टी बंद झाली. मला बाबांचा भयंकर राग आला.

गंमत म्हणजे गॅरेजात गाडी कधी कुरकुरली नाही. आत्या तिला रोलरवर चढवायची, चाकं जागच्या जागी फिरायची आणि पडद्यावर इंजिनाची ताकद दिसायची. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्या हवेचा दाब ती दर खेपेला थोडा वाढवायची, आकडा चढायचा आणि बाबासुद्धा टाळी द्यायचे.

सरावाच्या दिवशी ट्रॅकवर गाडी जरा मंद वाटली म्हणून आत्याने ती लगेच बाहेर घेतली. बॉनेट उघडून तिने इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"दादा, गॅरेजात मी हा पाइप खुशाल मुठीत धरते!"

"मग?"

"तिथे आपण बॉनेट उघडं ठेवतो, शिवाय समोर एवढा थोरला पंखा. इथे बॉनेट बंद. गरम हवा बाहेर पडणार कुठून? तीच इंजिनात जाते आणि पिस्टन वितळवते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

उपाय ऐकून मात्र बाबांचा चेहरा पडला. बॉनेटला भोकं पाडायची होती. त्यांच्या त्या बॉनेटला! आत्याने खडूने दोन लांबट चौकोन आखले आणि कटर त्यांच्याच हातात दिला. बाबांनी खडूच्या रेघेवरून तो फिरवला.

मग बॉनेट बंद करून, पंखा लांब सारून तिने गाडी पुन्हा रोलरवर घेतली. त्यावर हवेचा दाब चक्क कमी केला. आकडा उतरला.

"शर्यतीला निघालीस आणि ताकद कमी करतेस?"

"अति तिथे माती, दादा. दोनदा खाल्ली ना?"

रविवारी सुरुवातीलाच निळ्या गाडीतला दातांचा डॉक्टर सरळ रस्त्यावर भुर्रकन पुढे निघून गेला. बाबांनी डोळे मिटले. पण लॅपमागून लॅप त्याची गाडी तापत आणि ढेपाळत गेली. आत्याची मात्र पहिल्या लॅपला होती तशीच शेवटच्या लॅपला! शेवटच्या वळणावर तिने त्याला आतल्या बाजूने गाठलं आणि शिट्टी वाजवत पुढे काढली. मी इतका ओरडलो की माझा घसा बसला.

आत्या उतरली. हेल्मेट काढून तिने बॉनेट उघडलं.

"त्या पाइपला हात लाव, दादा."

बाबांनी बिचकत बोट टेकवलं, मग अख्खा तळवा ठेवला. तो तसाच राहिला.

"मग, विकायची ना?" आत्याने विचारलं.

"कुणी म्हटलं विकायची?" बाबा म्हणाले आणि तिच्या हातातलं हेल्मेट काढून स्वतःच्या डोक्यात घालू लागले.