चौथी जागा कुणाची

मोझेल हॅगुडला चेहऱ्यानं कुणी ओळखत नव्हतं, पण तिनं तोंड उघडलं की अख्ख्या अलाबामात कुठल्याही पेट्रोल पंपावरचा माणूस मान वर करायचा. "थांबा थांबा, तुम्ही मिल्स्टनच्या मिस मोझेल ना? रेडिओवरच्या?" ती लाजायची वगैरे नाही. खोटं कशाला बोला, तिला ते जाम आवडायचं.

मिल्स्टन म्हणजे एक रस्ता, दोन चर्च आणि मोझेलचं पार्लर. नवरा गेला तेव्हा कोल्बी, तिचा एकुलता एक, जेमतेम शाळेत जायला लागला होता. पार्लरमध्ये दिवसभर रेडिओ चालू असायचा. दुपारी हॉलिस क्रेनचा कार्यक्रम लागला की ड्रायरखालच्या बायकासुद्धा डोकं बाहेर काढून ऐकायच्या, कारण त्यात लोक फोन करून कॉलेज फुटबॉलवर भांडायचे. कुठल्या कोचला हाकला, कुठला संघ नुसता हवेत आहे, आणि सीझन संपत आला की एकच विषय, चॅम्पियनशिपसाठी खेळायला कुठले चार संघ लायक आहेत. ते चार एक कमिटी बंद खोलीत बसून ठरवते, पण इथं प्रत्येकाला वाटतं की कमिटी आपलंच ऐकत बसलीय. तर नवरा गेल्यानंतरच्या त्या भकास दिवसांत मोझेलनं एकदा सहज फोन लावला आणि अलाबामा विद्यापीठाच्या, म्हणजे तिच्याच लाडक्या संघाच्या, बचावफळीला असं काही सोललं की हॉलिसला हसून हसून ठसका लागला. "मिस मोझेल, उद्या पण करा हं फोन." झालं, केला. मग रोजच. घरात बोलायला मोठं माणूस नव्हतं, आणि इथं अख्खं राज्य ऐकत होतं.

कोल्बी मोठा झाला, दांडगा झाला, पण अलाबामानं त्याला विचारलं नाही. टेनेसीतल्या केंब्रो स्टेट नावाच्या छोट्या कॉलेजनं घेतलं, सेंटर म्हणून. म्हणजे वाकून बॉल मागं द्यायचा आणि पुढच्या क्षणी समोरचा रेडा अंगावर घ्यायचा. त्याचं नाव कोण घेतंय. पण त्याच्या शेवटच्या वर्षी केंब्रो एकही मॅच हरलं नाही. एकही नाही! आणि तीन जागा ठरल्यासारख्या होत्या, चौथीसाठी उरले दोघं, एकदा हरलेला अलाबामा आणि न हरलेलं केंब्रो.

त्या गुरुवारी हॉलिसनं फोन घेतला आणि त्याच्या आवाजातच खोडी होती. "बोला मिस मोझेल, चौथी जागा कुणाची? घरचा पोरगा आहे, आज तरी पाघळणार का नाही?"

पार्लरमध्ये ड्रायर बंद झाले. मोझेलच्या एका हातात लर्लीन बाईंच्या केसांची बट होती, खांद्यावर फोन.

"हॉलिस, राजा, पोरगा माझा आहे, वेळापत्रक माझं नाही," ती म्हणाली. "सगळ्या मॅच जिंकले म्हणे. अरे पण कुणाशी? त्यातल्या निम्म्या संघांना आमच्या चर्चच्या गाणाऱ्या बायकांनी लोळवलं असतं, आणि त्यातल्या दोघी वॉकर घेऊन चालतात."

हॉलिस टेबल बडवत हसला. लर्लीन बाई इतक्या हसल्या की बट सुटली. मोझेलपण हसली, खूप बरं वाटलं तिला, अगदी खरं सांगायचं तर वर्षभरात इतकं छान जमलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ते सगळीकडे फिरलं. खुद्द पोराची आईच म्हणते, काय राव.

रविवारी दुपारी कमिटीनं नावं जाहीर केली. टीव्हीवर केंब्रोची पोरं एका हॉलमध्ये बसलेली दाखवत होते, कोल्बी दुसऱ्या रांगेत. चौथं नाव अलाबामाचं आलं. मोझेलच्या तोंडातून आधी "येस" निघालं, सवयीनं हो, आणि मग तिला कोल्बी दिसला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली होती. आणि त्या टीव्हीवाल्यांनी नेमकं तेव्हाच तिचं ते वाक्य लावलं, गाणाऱ्या बायका, वॉकर, हॉलिसचं हसणं, सगळं. पोरं सगळी त्याच्याकडे बघत होती.

तिनं फोन केला. उचलला नाही. रात्री मेसेज आला, "ठीक आहे मम्मा." एवढाच.

"अगं, कमिटी काय तुझं ऐकून ठरवते का?" लर्लीन बाई म्हणाल्या.

"नाही ना," मोझेल म्हणाली. "मला माहितीये."

माहीत होतं, पण त्यानं काही होत नव्हतं. पोरगा नाताळला घरी आला नाही. तिनं त्याच्यासाठी पेकान पाय, म्हणजे अक्रोडासारख्या दाण्यांचा गोड पदार्थ, केला होता, तो तिनं शेजाऱ्यांना देऊन टाकला.

केंब्रोला सांत्वनाची एक मॅच मिळाली, लुइझियानात, अर्ध्या रिकाम्या मैदानात, एका बड्या कॉलेजशी. कोल्बीनं तिला तिकीट पाठवलं नाही. तिनं मागितलंही नाही. घरीच टीव्हीसमोर बसली. आणि बघता बघता तिला काहीतरी विचित्र वाटायला लागलं, म्हणजे तो कसा वाकतो, बोट दाखवून बाकीच्यांना कसं ओरडून सांगतो, डाव्या गुडघ्याला पट्टा आहे, प्रत्येक वेळी उठताना आधी हात टेकतो, हे सगळं तिला नवीन होतं. केंब्रोनं त्या बड्या संघाची पार दाणादाण उडवली. म्हणजे लायक होते. चांगले लायक होते.

दुसऱ्या दिवशी तिनं हॉलिसला फोन लावला आणि माफी मागितली, सगळ्यांसमोर, काही राखून न ठेवता. "मी जिभेच्या नादात माझ्या लेकराचं नाक कापलं, हॉलिस. तो माझ्यापेक्षा मोठा निघाला." ट्रक चालवणारे लोक फोन करून रडत होते. लर्लीन बाईंनी टॉवेलात तोंड खुपसलं. मोझेलला हलकं वाटलं.

संध्याकाळी कोल्बीचा फोन आला. स्वतःहून. तिनं पहिल्या रिंगलाच उचलला.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "पोरांनी ऐकवलं."

"बाळा, मी मनापासून..."

"माहितीये. छान बोललीस. तू छानच बोलतेस. त्यांना सगळ्यांना सांगितलंस. मला नाही सांगितलंस."

"तू फोन उचलत नव्हतास रे."

"पहिल्या दिवशी नाही उचलला. नंतर तू केलास कुठं?"

खरंच नव्हता केला. भीती वाटत होती, आणि रेडिओवर भीती वाटत नाही.

"मम्मा, एक विचारू? आमची कुठली मॅच पाहिली होतीस तू? कालची सोडून."

एकही नाही. शनिवारी केंब्रोची मॅच असायची तेव्हाच अलाबामाची असायची. ती आकडे बघायची नंतर. जिंकले का, जिंकले, शाब्बास. वर्षानुवर्षं तिनं राज्यभरच्या लोकांना सुनावलं होतं की बघितल्याशिवाय बोलू नका.

"गुडघ्याला काय झालंय?" तिनं विचारलं.

"ऑक्टोबरपासून आहे ते. सांगितलं होतं तुला. तू म्हणालीस थांब जरा, हॉलिसनं लाइनवर घेतलंय."

"आता पुढच्या सीझनला मी..."

"पुढचा सीझन नाहीये मम्मा. संपलं माझं. जूनपासून नॅशव्हिलला नोकरी आहे." तो रागावलेला नव्हता, तेच वाईट होतं. "जेवलीस का? जेवून घे. ठेवतो."

दिवसभर चालणारा रेडिओ दुसऱ्या दिवशी तिनं लावलाच नाही. पार्लरला कुलूप घातलं आणि फोनवर केंब्रोच्या जुन्या मॅचेस शोधत बसली. घरच्या मैदानावरची शेवटची मॅच सापडली, नोव्हेंबरातली. शेवटच्या वर्षाच्या पोरांना त्या दिवशी मॅचआधी आईवडलांबरोबर मैदानाच्या मधोमध चालत नेतात, आईच्या हातात फूल देतात. त्यानं विचारलं होतं. "त्या शनिवारी येतेस का मम्मा, थोडा वेळ?" आणि ती म्हणाली होती, अरे पोरा, त्या दिवशी आपल्या अलाबामाची ऑबर्नशी मॅच आहे ना, वर्षातली सगळ्यात मोठी, विसरलास काय. तो हसला होता. "हो गं, खरंच की."

एकेक पोरगा येत होता, एका बाजूला आई, एका बाजूला बाप. मग माइकवरून आवाज आला, "कोल्बी हॅगुड, मिल्स्टन, अलाबामा. आई, मोझेल हॅगुड." कुणीतरी कागदावरून वाचलं असणार. कोल्बी एकटाच आला. भरभर चालत होता, जसं काही चुकून दुसऱ्याच्या कार्यक्रमात घुसलाय. मधोमध पोचल्यावर हातातल्या फुलाचं काय करायचं ते त्याला कळेना, मग त्यानं ते शेजारच्या पोराच्या आईला दिलं, आणि त्या बाईनं एका हातात दोन्ही फुलं धरून दुसऱ्या हातानं त्याला जवळ घेतलं.

मोझेलनं त्या बाईचा चेहरा नीट बघायचा प्रयत्न केला. कॅमेरा तोवर पुढच्या पोरावर गेला होता.