अवं, आयकलं का!

ये, जवळ बस. बायकांच्या वाचनालयात नुसत्या गप्पा चालतात म्हणालीस म्हणे! न पाहता बोलतेस काऊन?

महाराष्ट्र नुकताच झाला होता. धाडच्या बाजाराला गेले, तेव्हा मी पहिल्यांदा त्या वाचनालयात डोकावले अन् आत जाऊन बसले. गावच्याच बाया पाळीपाळीनं, बिनपगारी ते चालवायच्या. सतरंजीवर एक अनोळखी बाई ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचत होती. तेवढ्यात उंबऱ्याबाहेरून कोणाचा तरी नवरा ओरडला, "अवं, आयकलं का! घरी चाल. आजपासून वाचणं बंद!"

आम्ही साऱ्याच उठलो. घरी आमचं साऱ्यांचं नाव तेच ना!

ती वाचणारी मात्र हलली नाही. म्हणाली, "माह्यावालेच हायेत. पण हाक त सगळ्यायले मारली. मले बलवाचं असन त नावानं बलवा."

सगळ्या हसल्या. त्यानं टोपी सारखी केली, घसा खाकरला अन् चारचौघींत बायकोचं नाव घेतलं. मग हळूच विचारलं, "किती राह्यलं?"

"एक पान. थांबा."

अन् तो थांबला, बाई! उन्हात, भाजीची पिशवी धरून. ती पुढचं पुस्तक काखेत मारूनच निघाली.

आता तिथं माझीही पाळी असते. येत्या बाजाराला ये, सासूलेही आण.