भाऊजींनी पास केलेला पतंग

आमच्या धाकट्या भाऊजींनी जन्मात एकाही कापडाला चांगलं म्हटलेलं नाही. तीस वर्षं ते मागांच्या कारखान्यात कापडातले दोष शोधायला बसले. काम सुटलं, खोड सुटली नाही. लग्नात नवरीचा शालू उजेडाकडे धरून बघतात. आमचे हे गेले, तेव्हा त्यांच्यावर घालायचं पांढरं कापडही उन्हात धरलं आणि म्हणाले, "दोन धागे तुटलेत, बदलून आणा." आमच्या गोडादऱ्याची सगळी गल्ली तिरडीपाशी ताटकळली. मेलेल्याला काय वारा लागणार होता?

अशा माणसापुढे माझ्या नातीनं जुना पतंग आणून टाकला. संक्रांतीचा नव्हे. फळीवर उभं राहून हा धरला की वारा माणसाला समुद्रावरून ओढत नेतो. गोव्याला नोकरीत असताना ती हे थेर शिकली. भर पाण्यात पतंग फाटला तर ती तिथंच अडकणार, म्हणून विकत घेण्याआधी भाऊजींचा होकार हवा. पहिला पतंग त्यांनी नुसत्या नखानं परत पाठवला. मोठं स्टिकर खरवडलं, तर खाली हातभर चीर, गोंदानं चिकटवलेली. वर कापड चोळून म्हणाले, "हाई कापड उन्हमा मरेल शे." म्हणजे उन्हानं त्यातला जीव गेलेला.

दुसऱ्या पतंगाला अख्खा दिवस गेला. कडेच्या नळीत हवा भरून घेतली, माझा पंखा बंद केला आणि ओला गाल नळीवरून इंच इंच फिरवत बसले. हवा सुटल्याचा आवाज ऐकायला कान कुठे आहेत? ते मागांच्या खडखडाटात केव्हाच गेले. बायकोच्या वाट्याला एवढी माया आली असती, तर बिचारी माहेरी कमी गेली असती. हवा संध्याकाळपर्यंत टिकली. शिवणी शाबूत, दोऱ्या सारख्या.

"चालशे ना, आजोबा?" पोरगी विचारत होती. भाऊजी उठले. मग स्वयंपाकघरात आले.

"वहिनी, दोष सापडत नाही."

"मग नाचा."

"मोतीबिंदू झालाय मला. कोणाला बोललो नाही. तुम्ही एकदा हात फिरवा."

"मी काय चेकर आहे?"

"साड्यांचे धागे कापण्यात जन्म गेला तुमचा. बोटांना कळेल."

दोघांनी मिळून शिवण न् शिवण चाचपली. काही नव्हतं. तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

रविवारी दर्यावर पतंग उचलला आणि पोरगी लांब गेली, टिकलीएवढी दिसू लागली. भाऊजींना तेवढीही दिसेना.

"आहे का?"

"आहे."

त्यांनी माझ्या पदराचं टोक धरलं आणि चिमटीत चोळत राहिले. ती वाळूवर परत येईपर्यंत मी ते सोडवलं नाही.