गिरणीवाल्या मावशींना न विचारलेले प्रश्न

मुलांनो,

धाकट्या नातवालाही आता शाळेसाठी समाजातल्या एखाद्या वादाच्या विषयावर माहिती गोळा करायची आहे आणि त्यासाठी तो सुट्टीत मंठ्याला येणार आहे, हे काल फोनवर कळलं. तो येण्याआधी, थोरली नात असंच काम करून परत गेल्यावर इथे काय झालं, ते लिहून कळवते.

थोरलीचा विषय भानामती होता. कोणीतरी करणी करतं आणि घरातल्या कपड्यांवर आपोआप बिब्ब्याच्या फुल्या उठतात, असं इथे अजून मानणारे आहेत. आम्ही दोघी गल्लीत घरोघर गेलो. मी प्रश्न विचारायचे, ती फोनवर उत्तरं टिपायची. शेवटचा प्रश्न होता, "तुमच्या गल्लीत कोणावर असा संशय आहे का?" सगळ्यांनी नाही म्हटलं. गिरणीवाल्या मावशींकडे मात्र आम्ही थांबलो नाही. गिरणी चालू होती, त्या घरघरीत काही ऐकू आलं नसतं.

थोरली परत गेली आणि शेजारीण फाटकाशी आली.

"म्याडम, नाव कोणाचं निघालं?"

"कोणाचंच नाही. शाळेचा अभ्यास होता."

"इतक्या दुरून पोरगी इचारायला आल्ती, म्हंजी काहीतरी असंल. अन् सगळ्यांना इचारलं, गिरणीवालीलाच तेवढं सोडलं. काहून?"

मी गिरणीच्या आवाजाचं कारण सांगितलं. तिने मान हलवली, पण पटल्याचं काही दिसलं नाही.

मग जुन्या गोष्टी निघाल्या. कोणाची म्हैस आटली होती, कोणाच्या सुनेच्या अंगावर चट्टे उठले होते. दोन्ही घरचं दळण याच गिरणीतून गेलं होतं, हे आता सगळ्यांना आठवलं. बायका डबे घेऊन धान्यबाजारातल्या, मोंढ्यावरच्या गिरणीत जाऊ लागल्या. कोण कुठे वळतं, ते मीही खिडकीतून बघू लागले. मावशी एकट्या, आणि त्यांचं पोट त्या गिरणीवरच.

मी ज्वारीचा डबा घेऊन गेले, तर मावशींनी तो हातात घेतला नाही.

"आता काय बघायला आल्या, म्याडम?"

"दळण आणलंय. आणि तुम्हाला विचारायचे प्रश्न राहून गेलेत. जरा गिरणी बंद ठेवा."

"बंदच हाये की. दळाया कोण येऊन राह्यलं?"

समोरच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी सगळे प्रश्न त्याच क्रमाने विचारले. शेवटच्या प्रश्नावर मावशी म्हणाल्या, "माझा संशय लाइटवाल्यावर हाये. दळण आलं की बराबर लाइट जाते. टिपून घ्या."

ओट्यावर कोणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी एक-दोन डबे आले, मग हळूहळू आणखी. शेजारीण आली नाही. "माझं काई म्हणणं न्हाई," ती मला म्हणाली, "पण मोंढ्यावर पीठ बारीक मिळतं."

मावशी माझं दळण घेतात, पण पहिल्यासारख्या गप्पा मारत नाहीत. मी पुन्हा काही टिपायला आले की काय, असं त्यांना वाटत असावं.

धाकट्याने विषय कोणताही घ्यावा. एकही घर सोडू नये, आणि संशय कोणावर आहे, हे विचारू नये.

गिरणी चालू आहे. शेजारणीचा डबा अजून मोंढ्यावरच जातो.