बडग्याच्या हातातली ढाल

माझी मुलगी डावखुरी आहे. तलवार डाव्या हातात, ढाल उजव्या. ही गोष्ट आधी सांगते, कारण पुढचा सगळा संताप तिच्याशी बांधलेला आहे.

ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी अंगावर वीस-बावीस किलोचं पोलादी चिलखत चढवून इतर मुलींशी लढते. हा खेळ आहे. जुन्या युरोपातल्या सरदारांची असायची तशी शस्त्रं, फक्त धार आणि टोक काढलेली. लाकडी कठड्याच्या आत दोन संघ उतरतात. पायांखेरीज दुसरं काही जमिनीला टेकलं की तो खेळाडू बाद. घाव मात्र खरे बसतात. म्हणून ढाल खरी लागते.

तिने ती स्वतः बनवली. लकडगंजच्या लाकूडबाजारातून चार मिलिमीटरचा प्लाय आणला, तीन थर एकमेकांवर चिकटवून साच्यावर वाकवले, वर कॅनव्हास ताणला आणि कडेने म्हशीचं जाड चामडं शिवलं, कारण उघडी कड नियमात बसत नाही. आकार इस्त्रीच्या तळासारखा, वर रुंद आणि खाली निमुळता. आत दोन पट्टे, एक कोपराजवळ, एक मुठीत, मधे गादी. वजन तीन किलो चारशे ग्रॅम. मी एका कारखान्यात मालाच्या तपासणीचं काम करते, त्यामुळे वजन मीच केलं आणि पट्ट्यांची मापंही मीच घेतली. ते पट्टे तिच्या उजव्या हाताचे होते. संघातल्या बाकी सगळ्या मुली ढाल डाव्या हातात धरतात. म्हणजे हिची ढाल गेली तर दुसरीची मागून चालणार नाही. रविवारी संघनिवडीच्या लढती होत्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे पुतळ्यांची, मिरवणूक निघते; त्या दिवशी शहराला सुट्टी असते. मुलगी सकाळीच सरावाला गेली होती. चामड्याला तेल लावून तिने ढाल व्हरांड्यात ठेवली होती. मी चहाचे कप उचलायला गेले तर भिंतीशी तेलाचा डाग होता, ढाल नव्हती.

व्हरांड्यात माझे मोठे दीर पेपर वाचत होते. ते वरच्या मजल्यावर राहतात. माझ्या लग्नापासून ते माझ्याशी थेट बोलत नाहीत. त्यांच्या लेखी तो मान आहे. मी समोर असले तरी ते नवऱ्याला सांगतात, आणि मीही नवऱ्यालाच सांगते. तो बिचारा मधे पोस्टमनसारखा.

मी नवऱ्याला म्हटलं, "ढाल कुठे आहे, विचारा."

दीर पेपरमधून म्हणाले, "सांग गा तिले, पोरं घेऊन गेले. बडग्याले पाहिजे होती."

आमच्या गल्लीचा बडग्या म्हणजे बांबू, गवत आणि जुन्या कपड्यांचा पुतळा. वर्षभरात ज्याने छळलं त्याचा करायचा, वाजतगाजत फिरवायचा आणि वस्तीबाहेर नेऊन जाळायचा. रोगराई त्याच्याबरोबर गेली, असं मानायचं. या वर्षी डासाचा केला होता.

"जाळतात तो," मी म्हटलं.

"जाळतात तो," नवरा म्हणाला.

"मंग? फळीच आहे ना ते. मी बर्डीच्या बाजारातून नवीन आणून देतो म्हणा. मखमलीवर लावलेली भेटते, दोन तलवारींसकट."

ती मखमलीवरची मी पाहिली आहे. पातळ पत्रा, अंगठ्याने दाबला तर खळगा पडतो. ती दिवाणखान्यात टांगायची असते. हिच्या ढालीवर पोलादी तलवार बसते आणि मागे माझ्या मुलीचं मनगट असतं. हे नवऱ्याकरवी कसं सांगायचं? ज्यांनी आपल्या स्कूटरची किल्ली सख्ख्या पुतण्याला, माझ्या मुलाला, कधी दिली नाही, त्यांनी पुतणीची वस्तू तिला न विचारता जाळायला दिली. मुलाची बॅट असती तर दिली असती का? मुलीची वस्तू म्हटली की ती घराची, आणि घराची म्हटली की ज्याच्या मनात येईल त्याची.

मी चप्पल घातली आणि निघाले. नवरा मागून आला.

बडग्या वस्तीबाहेरच्या मैदानात पोचला होता. तोंडाला सोंड, पाठीला प्लास्टिकचे पंख, एका हातात फवारणीचा पंप आणि दुसऱ्या हातात माझ्या मुलीची ढाल. तिच्यावर लाल ऑइलपेंटने ठसठशीत लिहिलं होतं, डेंग्यू. गवत रचून झालं होतं.

"थांबा," मी म्हटलं. "ती ढाल सोडा."

"काकू, ढालीशिवाय मजा नाही," पुतळा धरून उभा असलेला एक जण म्हणाला. "औषध मारलं तरी मरत नाही तो, म्हणून ढाल. आयडिया समजून घ्या ना."

शेजारची म्हातारी पुढे झाली. माझ्या सासूच्या वयाची, तिचा शब्द गल्लीत चालतो. "बडग्यावरचं परत घरी नेत नसतात वं बाई. त्याच्यावर चढलं ते त्याचं. इडापिडा घेऊन जाशील का घरात?"

"ती त्याची नाही, माझ्या मुलीची आहे. त्याने उसनी घेतली होती."

"पण पोरीले काहून पाहिजे ढाल?" तिने विचारलं.

"मार बसतो म्हणून."

म्हातारी बाजूला झाली. मी बांबूला बांधलेली सुतळी सोडायला लागले. गाठ सुटेना तेव्हा त्याच मुलाने ब्लेड काढून कापली. म्हणाला, "घ्या काकू, पण डेंग्यू तुमच्या जबाबदारीवर." सगळे हसले. मला हसू आलं नाही. ढाल बांबूवर बसावी म्हणून मधोमध दोन खिळे ठोकले होते आणि कोपराचा पट्टा उखडून वळवला होता.

घरी आलो तर दीर दारात उभे. "तिले सांग, बडग्याचं घरात नाही आणायचं."

मी नवऱ्याकडे पाहिलंही नाही. ढाल घेऊन आत गेले.

मुलगी संध्याकाळी आली. तिने ढाल मांडीवर घेतली, बोटाने खिळ्यांची भोकं चाचपली. "मोठेबाबांनी दिली?" एवढंच विचारलं. तिच्या त्या शांत विचारण्याने माझा राग दुप्पट झाला. तिलाही नवल वाटलं नव्हतं.

आम्ही खिळे पकडीने काढले, भोकांत लाकडाचा भुसा आणि सरस भरला. पट्टा तिने शिवला, माप मी धरलं. कोपरापासून अर्धा इंच जरी सरकला तरी मार गादीवर न बसता हाडावर बसतो. ऑइलपेंट मात्र निघेना. खरवडला असता तर कॅनव्हास फाटला असता.

रविवारी तपासणीला बसलेल्या माणसाने कडेवरून बोट फिरवलं, कोपरे पाहिले, पट्टे ओढले, मजकूर वाचला, पुन्हा वाचला आणि ढाल पास केली. लढतीत शिरस्त्राणं घातल्यावर कोण कुठली काही कळत नव्हतं. पूर्वीचे सरदार ढालीवर आपलं चिन्ह रंगवायचे ते ओळख पटावी म्हणून, असं मुलीने मला सांगितलं होतं. मी गर्दीत डेंग्यू शोधत होते. एका धिप्पाड मुलीने सलग घाव घातले, ते सगळे त्या लाल अक्षरांवर बसले. शेवटच्या लढतीत कठड्याच्या आत दोघीच उभ्या उरल्या, त्यात ती होती. संघात तिचं नाव आलं.

नवऱ्याने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ नातेवाइकांत फिरला. पुढच्या आठवड्यात पारशिवनीचे पाहुणे आले, तेव्हा दीर आमच्याच बैठकीत तो दाखवत बसले होते. "हे पाहा, डेंग्यू. आपली पोरगी. ढाल मीच बडग्याले दिली होती, तेच लकी ठरली."

मी पोह्यांच्या प्लेट खाली ठेवल्या.

"भाऊजी, ती ढाल तुमची नव्हती. तुम्ही तिला विचारलं नाही. पुढच्या वेळी तिला विचारायचं."

पाहुण्यांचे हात प्लेटपर्यंत येऊन थांबले. दिरांनी सवयीने नवऱ्याकडे मान वळवली. "काय म्हणून राहिली गा हे?"

नवऱ्याने पोह्यांवर लिंबू पिळलं. "तुम्हीच विचारा तिले," तो म्हणाला. "इथंच आहे ते."