पान थेट, बाई तीन गाड्यांनी

सुलामावशी शेडमध्ये विड्याची पानं देठ आत ठेवून ओल्या फडक्यात रचत होत्या. पूर्वी परदेशी जाताना वाटेत विमान बदलावं लागे, तेव्हा ती उन्हात पडून काळी व्हायची. आता थेट विमान आहे, आज खुडलेलं पान उद्या लंडनच्या दुकानात हिरवंगार दिसतं. चांगलंच झालं.

"पान एका झेपेत लंडनला," मावशी म्हणाल्या, "आन् मी सात कोसांवरच्या घरी तीन गाड्या बदलून. पानापरीस मीच सुकते गं पोरी!"

शेडमधल्या बाया खळखळून हसल्या. मला हसू येईना. ताटकळत ठेवलेलं पान नासतं, हे साऱ्यांना कळतं. बाईचं कोण बघतो? थेट एसटीसाठी केलेला आमचा अर्ज डेपोने तिसऱ्यांदा परत पाठवला, 'प्रवासी नाहीत' म्हणून. उद्या सकाळी आम्ही चाळीस जणी डेपोच्या फाटकात बसणार आहोत. साहेबांनी मोजून घ्यावं.