बाबाचं पोट

"कितवा महिना हाय रे पुंड्या?"

शेठच्या मेहुण्यानं विचारलं आणि गच्चीवरचे सगळे हसले.

पुंड्या म्हणजे माझा बाबा. पुंडलिक. सिंदीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. रुईच्या गाठी उचलायचा, ट्रकमध्ये भरायचा. त्या दिवशी हंगामाचा मुहूर्त होता, जिनिंगच्या मालकाच्या, शेठच्या घरी जेवण होतं. माय आणि मी खाली पुऱ्या लाटत होतो. भज्यांचं ताट घेऊन मी वर गेले आणि दारातच थांबले.

बाबाचे हातपाय काड्यांसारखे झाले होते. पोट तेवढं पुढं आलेलं. शर्टाची खालची बटणं लागत नव्हती. बेंबी बाहेर आली होती.

"चालून दाखव ना, बाई कशी चालते," दुसरा म्हणाला.

बाबानं कमरेवर हात ठेवला आणि चालून दाखवलं. हसत. मग त्याचा ग्लास भरला. शेठच्या हातात काचेचा ग्लास होता, बाबाच्या हातात प्लास्टिकचा.

मी ताट तिथंच खाली ठेवलं. पळत जिना उतरले. परत पुऱ्या लाटायला बसले.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. हे सांगताना लोक हसतात. जिनिंगच्या मागच्या शेडमध्ये रोज संध्याकाळी मोहाच्या दारूची डबकी, प्लास्टिकचे कॅन, यायची. दिवसभर गाठी उचलून हमालांचं अंग फुटायचं, आणि शेठचा दिवाणजी म्हणायचा, "दोन घोट मारा, अंग मोकळं होते." माय सांगते, जिनिंगमध्ये लागला तेव्हा बाबा सुपारीही खात नव्हता.

आधी दुखणं गेलं. मग भूक गेली. मग सकाळी हात कापायला लागले. इतके, की चहाची बशी तोंडापर्यंत जायची नाही. दिवाणजीनं त्यावर उपाय काढला. सकाळचाही एक ग्लास. हात थांबायचे. गाठी उचलल्या जायच्या.

डोळे पिवळे झाले तेव्हा मायनं गावठी औषध आणलं, गळ्यात काविळीची माळ घातली. माळ रोज लांब होते, म्हणजे कावीळ उतरते, म्हणायची. पाय सुजले. मग एका दुपारी अंगणात बाबाले उलटी झाली. रक्ताची. काळपट, गुठळ्या असलेली. माय राख आणून त्यावर टाकत राहिली.

गजूनं, माझ्या भावानं, ऑटो आणला. मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथला मोठा डॉक्टर शिकणाऱ्या पोरांना घेऊन आला. आम्हाले न विचारता त्यानं बाबाचा शर्ट वर केला. "बघा. डोळे पिवळे. छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या नसा. पोटात पाणी. हे लोक ऐकत नाहीत, शेवटी येतात आणि खाट अडवतात." पोरांनी आळीपाळीनं पोटावर बोटं वाजवून पाहिली. बाबा तेव्हाही हसला. कुणी त्याच्या पोटाकडे पाहिलं की हसायचं, एवढं त्याले माहीत झालं होतं.

एक लहान वयाची डॉक्टरीण संध्याकाळी परत आली. खाटेजवळ बसली. म्हणाली, "दारूनं लिव्हर दगडासारखं झालंय. रक्ताला त्यातून वाट नाही. म्हणून नसा फुगल्या, त्यातली एक फुटली. म्हणून पोटात पाणी साचलं. आता रक्तातली घाण साफ होत नाही, ती डोक्यात जाईल."

ती डोक्यात गेली. बाबानं मले ओळखलं नाही. पडल्यापडल्या दोन्ही हात वर करायचा, हवेत काहीतरी धरायचा आणि खांद्यावर घ्यायचा. "उचल, उचल," म्हणायचा. गाठी उचलत होता. मरेपर्यंत उचलत होता.

त्याच वर्षी शेठही नागपूरच्या दवाखान्यात राहून आला होता. लिव्हरच. त्याच्या घरचे सांगायचे, टेन्शननं सूज आली. त्याले कुणी दारुड्या म्हटलं नाही. त्याचं पोट कुणी पोरांना दाखवलं नसेल.

बाबाले घाटावर पोचवल्यावर शेठ बसायला आला. आमच्या अंगणात त्याच्यासाठी खुर्ची मांडली गेली. माय पदर सावरत म्हणाली, "कावीळ झालती जी त्याईले."

"कावीळ वाईटच," शेठ म्हणाला. "नशीब. आता गजूले पाठवा सोमवारपासून. बापाची जागा रिकामीच हाय."

गजू मान हलवत होता. मी पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "कावीळ नव्हती शेठजी. दारू होती. तुमच्या शेडमधली."

शेठ माझ्याकडे वळला.

"आम्ही काय जबरदस्ती पाजली का व पोरी?"

"नाई पाजली. सकाळी त्याचे हात कापत होते, त घरी नाई पाठवलं. एक मारून घे म्हने, मंग गाठी उचल."

शेठ उठला. "कालेजात जाऊन हेच शिकली," एवढं बोलून गेला. तो फाटकाबाहेर पडल्यावर मायनं माझ्या थोबाडीत मारली. मग माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. बाबा मेल्यापासून पहिल्यांदा.

सोमवारी गजू कामावर गेला. दुसरं काम नव्हतं. त्या आठवड्यातच त्याच्या तोंडाले वास आला.

मी जिनिंगच्या फाटकावर जाऊ लागले. सुटीच्या वेळी मोठ्यानं हाक मारायची, "गजू, घरी चाल." हमाल हसायचे. गजू शिव्या द्यायचा. कधी यायचा, कधी नाही.

काल आला नाही. मी आत गेले. शेडमध्ये सगळे डबकीभोवती बसले होते. मी गजूच्या बाजूला जाऊन मांडी घातली.

दिवाणजी धावत आला. "काऊन आली व इथं? बाईमाणसाचं काम नाई हे."

"माया भाऊ इथं बसून राह्यला. मीबी बसतो."

"हकलून देईन."

"हाकल. उद्या मायले घेऊन येतो. परवा या सगळ्याईच्या बायकाईले."

कुणी ग्लास पुढं केला नाही. गजू जमिनीकडे पाहत होता. त्याचे हात मांडीवर होते आणि बोटं थरथरत होती. मी ती धरली. त्यानं झटकली. मी परत धरली.

आज माय येते म्हणाली आहे.